शेवटचं वर्ष ज्याच्याकडे होतं

कोर्टातला दुभाषी फार मवाळ माणूस होता, आणि पहिले काही दिवस डॉक्टरणीला राग यायचा तो नेमका त्याचाच. त्याचं काम असं, की आरोपी जे बोलेल ते तिथल्या भाषेत जसंच्या तसं सांगायचं, 'मी' म्हणूनच. आरोपी म्हणायचा, "मी जिना उतरून खाली आलो," आणि श्वासभर थांबून हा गृहस्थ खोकल्याची गोळी गालात सरकवत न्यायाधीशांना सांगायचा, "मी जिना उतरून खाली आलो." ऐकून ऐकून तिला वाटायला लागलं, की या म्हाताऱ्यानंच आपल्या नवऱ्याला मारलं आणि वर गोळ्या चघळत बसलाय.

बाकी सगळ्यांचं बोलणं तिला कानातल्या यंत्रातून मिळायचं, म्हणजे जरा शिळंच. वकिलांनी केलेला विनोद तिच्यापर्यंत पोचायचा तेव्हा लोकांचं हसून झालेलं असायचं. ताजं, तोंडातून सरळ कानात, असं त्या दालनात एकाच माणसाचं बोलणं यायचं, कारण तिची भाषा बोलणारा तो एकटाच होता. ज्यानं तिच्या नवऱ्याला, डॉक्टरला, गोळी घातली तो.

ती स्वतः डॉक्टर नव्हे. इथे, या परक्या शहरात, हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत ती इस्त्रीच्या रुळावर उभी असायची, आणि नवरा डॉक्टर होता एवढं कळल्यावर तिथल्या बायकांनी हे नाव तिला चिकटवून टाकलं. आपल्या देशात ती सरकारी इस्पितळात एक्स-रे काढायची. लोकांना 'श्वास रोखा' म्हणायचं आणि 'आता सोडा' म्हणायचं, यात तिची उमेदीची वर्षं गेली. डॉक्टर त्याच इमारतीच्या तळघरात असायचा. तो मेलेल्यांचा डॉक्टर. शवविच्छेदन करून मरणाचं कारण लिहायचं, हे त्याचं काम. 'माझे पेशंट कधी तक्रार करत नाहीत,' हे वाक्य तो प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचा आणि जुन्यांनाही सोडायचा नाही. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. भाजीवाल्याला घरातली भांडणं माहीत, न्हाव्याला सासूबाईंचं पथ्य माहीत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी यावरून तिनं अबोला धरला, तर त्या अबोल्याचीही बातमी तो तळघरातल्या शिपायाला सांगून आला.

पण बोलण्यात असा सैल माणूस लिहायला बसला की दगडावरची रेघ. तुरुंगातून प्रेतं यायला लागली, तेव्हा प्रत्येकासोबत पोलिसांचा कागद असायचा, 'जिन्यावरून पडून मृत्यू'. डॉक्टर म्हणायचा, ज्या तुरुंगाला वरचा मजलाच नाही, तिथे माणसं जिन्यावरून पडतात तरी कशी? आणि जे दिसलं ते लिहायचा. आधी त्याला समजावलं गेलं, मग दरडावलं गेलं. शेवटी एक साहेब आला आणि म्हणाला, सगळं नका बदलू, एकच शब्द बदला. डॉक्टरला तेही जमलं नाही. एका मित्रानं वेळेवर सांगितलं म्हणून तो अंगावरच्या कपड्यांनिशी सरहद्द ओलांडून गेला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना टाकून जाणं शक्य नव्हतं. तिनं मागून जायचं ठरलं होतं. मग तिचा पासपोर्ट काढून घेतला आणि ते मागून जाणं तसंच राहिलं.

आणि मग ती जाहिरात.

तिच्या देशात ही एक रीतच पडून गेली होती. ज्याचं माणूस पळालं, त्याच्या घरच्यांनी पेपरात छापून आणायचं, की आमचा याच्याशी संबंध नाही. तिलाही बोलावलं. अधिकारी अतिशय सभ्य होता, त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, सासूबाईंच्या इंजेक्शनांची चौकशी केली. ती इंजेक्शनं सरकारी इस्पितळातूनच मिळायची, हे त्यानं बोलून दाखवलं नाही, कारण गरज नव्हती. मजकूर तयारच होता. 'सदर इसमाशी माझा आजपासून कोणताही संबंध नाही व यापुढे राहणार नाही.' तिनं सही केली. हरवलेल्या किल्ल्या आणि भाड्यानं देणे यांच्या मधोमध ती जाहिरात आली. सासूबाईंना पेपर वाचून दाखवताना तिनं ते पान घडी घालून ठेवलं.

त्याआधी तो अधूनमधून फोन करायचा. तिसरे कान लागलेले असायचे, म्हणून पाव महाग झाला, गुडघा दुखतो, एवढंच. त्यानंतर तिला फोन करता येईना, कारण केला तर संबंध सिद्ध होणार. आणि त्याचाही आला नाही. तो आला नाही, हे तिच्या छातीत काट्यासारखं राहिलं. सासूबाई गेल्या तेव्हाही आला नाही. पुढे एक दिवस बातमी आली, की परक्या शहरात, पाव आणायला बाहेर पडताना, दाराशीच डॉक्टरला कुणीतरी मारलं. तिचा पासपोर्ट लगोलग घरपोच झाला. तिला अडकवून ठेवण्यात आता कुणाचाच फायदा नव्हता.

मारणारा पकडला गेला होता. डॉक्टरच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. वर्षभर शेजारी राहिलेला, रोजचा येणाजाणारा, बुद्धिबळाचा जोडीदार. त्याचं खरं नाव शेवटपर्यंत ठरलं नाही. खटल्याच्या कागदांत एक नाव, पासपोर्टवर दुसरं. ती त्याला मनात नुसतं शेजारी म्हणायची.

*

तिच्या वकीलबाईंचं ऑफिस दातांच्या दवाखान्यावर होतं. महत्त्वाचं काही बोलायची वेळ आली की खालून हमखास ड्रिलचा आवाज सुरू व्हायचा. तिथे कोर्टाचा दुभाषी नसे. नणंद याच देशातल्या दुसऱ्या शहरातून खटल्यासाठी येऊन राहिली होती, तिला इथली भाषा येत होती, तीच वकीलबाईंचं म्हणणं सांगायची.

"वकीलबाई म्हणतात," नणंद सांगत होती, "एका देशाला दुसऱ्या देशाच्या कोर्टात आरोपी म्हणून उभं करता येत नाही. तसा जुना नियम आहे, सगळ्या देशांच्या सोयीचा. उभा करता येतो तो फक्त माणूस. पण निकालात लिहिता येतं, की हा माणूस कोणाच्या हुकमावरून आला. तेवढं एक वाक्य निकालात पडलं, की दूतावासातली माणसं घरी पाठवता येतात, हुकूम देणाऱ्यांच्या नावानं वॉरंट काढता येतं, मोठ्या आंतरराष्ट्रीय कोर्टाचं दार ठोठावता येतं. ते वाक्य नसेल, तर हा एक साधा खून."

"आणि मिळेल ते वाक्य?"

वकीलबाईंनी हात हलवून 'धड ना हो, धड ना नाही' असं केलं. पासपोर्टवरचं नाव खोटं पण शिक्का सरकारी. दूतावासाच्या गाडीतून उतरताना तो दिसला होता. शेजारी म्हणत होता, भांडण बुद्धिबळावरून झालं, राजकारणावर गेलं आणि रागाच्या भरात गोळी सुटली. "बुद्धिबळाला सायलेन्सर लावलेलं पिस्तूल घेऊन कोण बसतं, हे मी विचारणारच आहे," वकीलबाई म्हणाल्या. पण कोणी पाठवलं याबद्दल तो तोंड उघडत नव्हता, आणि तो उघडत नाही तोवर सगळं अंदाजाचं काम.

मग त्या पुढे बरंच काही बोलल्या. नणंदेनं अर्धं सांगितलं. शेजाऱ्याच्या वकिलाकडून प्रस्ताव आला आहे. तो गुन्हा कबूल करेल, पण खाजगी भांडणातून झाला म्हणून. सरकारी वकील निम्मे तयार आहेत, कारण इथल्या सरकारलाही ही ब्याद लवकर टळलेली हवी आहे. पण इथल्या कायद्यात मेलेल्याच्या घरचे हेही खटल्यातले पक्षकार, त्यामुळे बायकोच्या सहीशिवाय ते होणार नाही. एवढं बोलून नणंद थांबली.

"पुढे काय म्हणाल्या?"

नणंद खिडकीकडे बघत बसली. वकीलबाई दोघींकडे पाळीपाळीनं बघत होत्या.

"काय म्हणाल्या त्या?"

"सही केलीस," नणंद म्हणाली, "तर तो तुला भेटेल. हवं तितक्या वेळा. दादाचं शेवटचं वर्ष तुला सांगेल. काय खायचा, काय बोलायचा, सगळं."

आपल्याला राग यायला हवा होता हे डॉक्टरणीला कळत होतं. पण आली ती भूक. गेली कित्येक वर्षं तिच्याजवळ डॉक्टरचं काही नव्हतं. पोलिसांकडचं सामान खटला संपल्याशिवाय मिळणार नव्हतं, आणि त्यातही म्हणे एक बुद्धिबळाचा पट आणि चष्मे. इथे त्याचा एक माणूस तिला सापडला नव्हता. तो या शहरात आपल्या भाषेत कुणाशी बोलला असेल तर फक्त या एकाशी. तिच्या नवऱ्याचं अख्खं एक वर्ष त्या माणसाकडे होतं आणि तिच्याकडे त्यातला एक दिवस नव्हता. हेवा वाटावा तर कोणाचा.

खोलीवर परत आल्यावर नणंदेनं चहा टाकला आणि चहा गाळता गाळता म्हणाली, "कर सही. तुला सवय आहे."

हे कधीतरी येणारच होतं. दोघी एकाच सोफ्यावर झोपायच्या, एकाच आरशात बघायच्या, आणि ती जाहिरात दोघींच्या मध्ये तिसरी बाई होऊन राहायची. नणंदेनं कप डॉक्टरणीसमोर ठेवला, आणि मग स्वतःचा कप हातात धरून तशीच उभी राहिली.

"वहिनी, ती जाहिरात मीच पाठवली होती दादाला. मला एकानं कात्रण दाखवलं. इतका संताप झाला होता, म्हटलं त्याला कळू दे त्याची बायको काय आहे ते."

"काय म्हणाला?"

"काहीच नाही. त्यानंतर त्यानं मलाही कधी फोन केला नाही."

म्हणजे त्यानं वाचली होती. इतके दिवस तिनं मनाची समजूत घातली होती, की कदाचित त्याला कळलंच नसेल. आता प्रश्न उरला तो एकच, आणि त्याचं उत्तर पृथ्वीच्या पाठीवर एकाच माणसाजवळ असणार होतं. त्यानं ते खरं मानलं का? मी त्याला टाकलं असं समजून मेला का?

*

"सहीच्या आधी एकदा भेटते," असं ती म्हणाली, आणि दोन्हीकडच्या वकिलांनी ते मान्य केलं. अट एवढीच, की तिथलं बोलणं कोर्टात वापरायचं नाही.

तुरुंगातली भेटीची खोली शाळेच्या वर्गासारखी पिवळट होती. टेबल जमिनीला ठोकलेलं. वकील लांब बाकावर, दुभाषी त्यांच्यामध्ये बसून कुजबुजत होता. शेजारी समोर येऊन बसला तेव्हा तिच्या लक्षात आलं, की तो वयानं बराच लहान आहे. नखं स्वच्छ कापलेली. आवाजात कुठे गुर्मी नव्हती.

"विचारा," तो म्हणाला.

ठरवून आलेलं सगळं ती विसरली. "गुडघा कसा होता त्याचा?"

"वाईट होता. उतरताना आडवे उतरायचे, खेकड्यासारखे. मी म्हणायचो, डॉक्टर, काठी घ्या. म्हणायचे, काठी घेतली की लोक जागा देतात आणि गप्पा मारत नाहीत."

तिला हसू आलं. याच्यासमोर हसू आलं याची लाज वाटली आणि तरी ते थांबेना. हा डॉक्टरच होता, दुसरं कोणी असूच शकत नव्हतं. शेजारी सांगत गेला. दाढी वाढवली होती, पांढरी झाली होती. बुद्धिबळात चाल परत घ्यायचे आणि वर म्हणायचे, मेलेल्यांशी काम केलंय, घाई ठाऊक नाही. पावाचा कडेचा तुकडा आवडायचा, बेकरीवाली त्यांच्यासाठी राखून ठेवायची. थंडीत खोलीपेक्षा जिन्यात ऊब जास्त म्हणून पायरीवर बसून वाचायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून बोलायचे. आईबद्दल बोलायचे. शाळेतल्या मास्तरांबद्दल, लहानपणी बूट खाणाऱ्या कुत्र्याबद्दल, तळघराबद्दल, तिथल्या शिपायाबद्दल. त्या शिपायाच्या मुलीच्या लग्नाचं पुढे काय झालं, ही त्यांना मोठी काळजी.

ती एकेक शब्द वेचत होती. मधूनच तिच्या लक्षात आलं, की सांगता सांगता शेजाऱ्याचा चेहरा सैल पडलाय. पायरीवर बसून वाचणारा डॉक्टर त्यालाही दिसत होता. याला त्याची आठवण येते, हे तिला स्वच्छ दिसलं, आणि टेबलावर हात आपटून त्याला म्हणावंसं वाटलं, की तुला हक्क नाही. पण ते म्हटलं तर तो थांबला असता.

ती वाट बघत होती. आई आली, कुत्रा आला, शिपायाची मुलगी आली. आपण कुठे येतो?

"आणि माझ्याबद्दल?" तिनं शेवटी विचारलं. आवाज बारीक निघाला.

शेजारी मागे टेकला. पहिल्यांदाच तो कामावर असल्यासारखा दिसला. "ते पुढच्या भेटीत," तो म्हणाला. "सही झाल्यावर."

*

त्यानंतरचे दिवस तिनं लाँड्रीत काढले, असंच म्हणायला हवं, कारण बाकी कुठे ती नव्हतीच. ओली चादर रुळात घालायची, पलीकडून कोरडी घ्यायची, जोडीदारणीबरोबर टोकाला टोक जुळवून घडी करायची. वाफेत घाम आणि डोळ्यांतलं पाणी वेगळं ओळखू येत नाही, ही त्या नोकरीतली एकमेव सोय. ती मनाशी सही करत होती. शंभरदा केली. काय बिघडतं? जाणारा गेला. ते एक वाक्य निकालात पडलं काय नि न पडलं काय, हुकूम देणारा जिथे बसलाय तिथे बसूनच राहणार. करून सवरून नामानिराळं राहायचं, हे तर सरकारांचं जुनंच कसब. वाक्य घेऊन ती काय करणार होती? त्याला उशाशी घेऊन झोपता येत नाही. त्या माणसाकडे मात्र डॉक्टरचं बोलणं होतं, आणि त्या बोलण्यात कुठेतरी ती होती.

सहीचा कागद वकीलबाईंनी तिच्या भाषेत करून पाठवला. जोडीदारीण चहाला गेली असताना तिनं तो चादरींच्या गठ्ठ्यावर ठेवून वाचला. 'मृत्यूचे कारण : वैयक्तिक वैमनस्यातून झालेला वाद.'

मृत्यूचे कारण. या दोन शब्दांपुढची जागा भरण्यात डॉक्टरचं आयुष्य गेलं होतं. त्या जागेत भलतं काही लिहायचं नाही म्हणून त्यानं घर सोडलं, आई सोडली, तिला सोडलं. कुठल्या कुठल्या अनोळखी पोरांसाठी, ज्यांची तोंडंही ओळखू येत नव्हती. आता त्याच्या स्वतःच्या मरणापुढे जिन्यावरून पडण्याच्या जातीचंच एक कारण लिहिलं जाणार होतं, आणि खाली सही तिची.

ती तिथेच, गठ्ठ्यावर डोकं टेकून रडली. नाही म्हणायचं, हे तिला कळलं होतं, आणि म्हणूनच रडू येत होतं. पुढची भेट आता होणार नव्हती. त्यानं काय मानलं, हे तिला मरेपर्यंत कळणार नव्हतं.

संध्याकाळी नणंदेला ती एवढंच म्हणाली, "वकीलबाईंना सांग, मी सही करणार नाही." नणंदेनं उठून सोफ्यावरची भिंतीकडची बाजू, जी इतके दिवस स्वतःकडे ठेवली होती, ती वहिनीला दिली.

*

खटला पुढे चालला. हुकमाबद्दल शेजारी पूर्वीसारखाच गप्प राहिला. वकीलबाईंनी सायलेन्सरचं विचारलं, त्यानं छताकडे पाहिलं. त्याला आपलं सरकार कैद्यांच्या अदलाबदलीत सोडवून नेईल अशी आशा आहे, असं सगळे म्हणत होते, आणि ते खरंही असावं, कारण तो प्रत्येक दिवशी दाढी करून, कडक कॉलरचा शर्ट घालून यायचा. निघायच्या तयारीत असल्यासारखा.

शेवटच्या तारखेला सकाळी तिच्या देशाच्या दूतावासाचं पत्र वाचून दाखवलं गेलं. दुभाष्यानं मवाळ आवाजात ते आरोपीसाठी तिच्या भाषेत सांगितलं. सदर इसम आमच्या कोणत्याही खात्यात कधीही नव्हता. सदर इसमाशी आमचा कोणताही संबंध नाही व यापुढे राहणार नाही.

मजकूर लिहिणारा साहेब बहुधा तो जाहिरातवालाच असावा, असं तिच्या मनात आलं, निदान टेबल तरी तेच. तिनं शेजाऱ्याकडे पाहिलं. तो पुतळ्यासारखा उभा होता, पण कान लालभडक झाले होते. अदलाबदल नाही, कोणी येणार नाही, हे त्याला तिथे, उभ्या उभ्या कळलं.

न्यायाधीशांनी विचारलं, आरोपीला शेवटचं काही सांगायचं आहे का. त्याचा वकील 'नाही' म्हणायला उठत होता, तोवर शेजाऱ्यानं माइक स्वतःकडे ओढला. बोलताना त्यानं न्यायाधीशांकडे पाहिलं नाही.

"बाई, तुमच्याबद्दलचं पुढच्या भेटीत सांगतो म्हणालो होतो. सांगण्यासारखं काही नव्हतंच. मी खोटं गाजर दाखवत होतो."

दुभाषी बोलू लागला, पण शेजारी त्याच्यासाठी थांबला नाही.

"मला पाठवलं तेव्हा दोन कामं दिली होती. दुसरं काय ते तुम्हाला माहीत आहे. पहिलं हे, की ती जाहिरात खरी की नाटक, ते काढून घ्यायचं. डॉक्टरचा बायकोशी संबंध आहे का, निरोप जातो का, कोणाच्या हातून. आहे असं कळलं की तिकडे तुम्हाला उचलणार होते. वर्षभर मी हेच विचारत होतो. वळसे घेऊन विचारलं, दारू पाजून विचारलं, तापात पडले होते तेव्हा उशाशी बसून विचारलं. बाकी सगळं बोलायचे. कुत्र्यापर्यंत सगळं. आणि हे विचारलं की म्हणायचे, मी लग्न केलेलं नाही. तुमचं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मी दर आठवड्याला तसं कळवत होतो."

तो बसला. दुभाषी अजून कुठेतरी दुसऱ्या कामापाशी होता, गोळी बाजूला सरकवत, घाईघाईनं. न्यायाधीश कान देऊन बसले होते, वकीलबाईंचं पेन वर हवेत थांबलं होतं. ती आणि नणंद यांनाच फक्त सगळं कळलं होतं. नणंदेनं तोंडावर हात घेतला होता.

डॉक्टरणीला वाटलं, कुणीतरी इतक्या वर्षांनी 'आता सोडा' म्हणालं. त्याला सगळं कळलं होतं. जाहिरात वाचली आणि ती जबरदस्तीची आहे हे त्या क्षणी ओळखलं. बहिणीला फोन बंद केला तो याचसाठी, तिच्याकडून पुन्हा वहिनीचं नाव निघू नये म्हणून. हा पायरीवर बसून सगळ्या जगाशी बोलणारा माणूस. तिच्यावर रागावला असता तर बेकरीवालीपासून सगळ्यांना सांगून मोकळा झाला असता. सरकारसाठी ज्याला एक शब्द खोटा लिहिता आला नाही, तो तापात पडल्या पडल्यासुद्धा तिच्यासाठी खोटं बोलत होता. आणि हे त्याला सांगायला, त्याच्या दाढीला धरून त्याला रागावायला, तो नव्हता. त्याच्यासाठी तिचा जीव तुटला.

तेवढ्यात दुभाषी शेवटच्या वाक्यापर्यंत पोचला. दालनात हालचाल झाली. वकीलबाई भराभर लिहायला लागल्या, मग वळून नणंदेला काहीतरी म्हणाल्या, डोळे चमकत होते. नणंदेनं सांगितलं, "वहिनी, त्या म्हणतात, मिळालं. ते वाक्य मिळालं. त्याच्याच तोंडून."

न्यायाधीशांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, मृताच्या घरच्यांना यावर काही म्हणायचं आहे का. वकीलबाईंनी मानेनंच 'नाही' सुचवलं, कारण आता काही बोलायची गरज नव्हती.

डॉक्टरीण उभी राहिली.

"मी त्यांची बायको आहे," ती म्हणाली. "तेव्हाही होते, आजही आहे. हे लिहून घ्या."

न्यायाधीशांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.